पीक उभं आहे तोवरच डेटा तपासा: शेती संशोधन करणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

कृषी विद्यापीठांमधले संशोधक, प्रोजेक्ट बघणारे सर-मॅडम, आणि शेतकऱ्यांच्या घरी सर्व्हे पाठवणाऱ्या सगळ्या संस्थांना,

नमस्कार.

मार्चमधली गोष्ट आहे. दुपारी ऑफिसातून फोन आला की अमुक गावातल्या ४३ शेतकऱ्यांचं कापसाचं उत्पादन विचित्र दिसतंय, कुणाला एकरी दोन क्विंटल तर धुऱ्याला धुरा (बांधाला बांध) लागून असलेल्या शेताला एकरी अकरा, तर सगळ्यांना फोन करून कन्फर्म करा आणि दोन दिवसात एक्सेल पाठवा. मी फोन लावले. तोवर पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटून झाली होती, कापूस विकून झाला होता, पैसे कर्जात नाहीतर लग्नात गेले होते. माणसं चांगली, आठवून आठवून त्यांनी काहीतरी आकडा दिला, मी तो लिहिला आणि तोच "कन्फर्म" आकडा पुढे रिपोर्टात गेला. एक काका फोनवर म्हणाले, "भाऊ, डिसेंबरात आलते तवा काऊन नाई इचारलं? तवा कापूस घरातच होता, मोजून दाखवला असता." माझ्याकडे त्याला काही उत्तर नव्हतं. तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे, आज लिहून टाकतोय.

मी शास्त्रज्ञ नाही. यवतमाळ, वर्धा आणि थोडं हिंगोलीकडे मिळून नऊ खरीप मी शेतात आणि ओसरीवर बसून माहिती गोळा केली, आधी कागदी फॉर्मवर, मग टॅबवर, आधी सर्व्हेयर म्हणून आणि नंतर सुपरवायझर म्हणून. त्यामुळे मी जे सांगतोय ते फिल्डवरून दिसलेलं आहे, आणि सांगायचं एकच आहे: शेतीचा डेटा हंगाम संपल्यावर ऑफिसात तपासून दुरुस्त होत नाही. तो पीक उभं असतानाच, गोळा करता करताच तपासावा लागतो, आणि त्यासाठी वेळ, माणूस आणि पैसा आधीपासून बाजूला ठेवावा लागतो.

त्या ४३ शेतकऱ्यांचं झालं काय होतं? नंतर आम्ही तिघं बसलो, जुने फॉर्म काढले, तारखा लावल्या. कापूस काही एका दिवसात घरी येत नाही, सीतादही (वेचणीआधीची पूजा) करून पहिला वेचा, म्हणजे पहिली वेचणी होते, मग दुसरा, तिसरा, आणि पाणी असेल तर फरदडीचा, म्हणजे पीक न काढता पुढे ठेवलेल्या झाडांचा कापूस फेब्रुवारीतही येत राहतो. आमच्या फॉर्मात मात्र एकच रकाना, "एकूण उत्पादन". टीममधले अर्धे लोक त्या गावात डिसेंबरच्या सुरुवातीला गेले, अर्धे जानेवारीत. डिसेंबरात कुणी आतापर्यंतचा कापूस सांगितला, कुणी अंदाजानं सगळा मिळून किती होईल ते सांगितलं, आणि जानेवारीवाल्यांनी झालेला सांगितला. तीन वेगळे प्रश्न, तीन वेगळी उत्तरं, आणि सगळी एकाच कॉलममध्ये एकाखाली एक. शेतकरी खोटं बोलला नव्हता आणि सर्व्हेयरनंही कामचुकारपणा केला नव्हता. डिसेंबरातल्या पहिल्याच आठवड्यात कुणी संध्याकाळी दहा फॉर्म शेजारी शेजारी ठेवून वाचले असते तर दुसऱ्याच दिवशी प्रश्न बदलला असता, "आतापर्यंत किती वेचे झाले, प्रत्येक वेच्यात किती निघाला, अजून किती वेचे बाकी आहेत". तेवढंच पुरेसं होतं.

तुम्ही म्हणाल टॅबमध्ये लिमिट टाकलेलं असतं, चुकीचा आकडा घेतच नाही. ते लिमिट फक्त वेडावाकडा आकडा पकडतं, चुकलेला पण शहाण्यासारखा दिसणारा आकडा त्यातून सरळ आत जातो. एक उदाहरण देतो. शेतकरी बोलतो एकरात, सातबारा बोलतो हेक्टर-आर मध्ये. एका घरी सातबाऱ्यावर ०.८० होतं, म्हणजे ८० आर, म्हणजे जवळपास दोन एकर. आमच्या मुलानं एकरच्या रकान्यात ०.८० टाकलं. सोयाबीन झालं होतं दहा क्विंटल, म्हणजे खरं तर एकरी पाच, आणि टॅबमध्ये आलं साडेबारा. लिमिट होतं पंधराचं, त्यामुळे टॅबला काही वाटलं नाही. संध्याकाळी चहा पिता पिता मी फॉर्म वाचत होतो म्हणून सापडलं, मी नुसतं विचारलं की या गावात कोरडवाहूला साडेबारा कोण काढतंय, आपण जाऊन बघून तर येऊ, आणि त्या मुलालाच लगेच लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा मिनिटात दुरुस्त. हीच चूक सहा महिन्यांनी पुण्यात किंवा दिल्लीत बसलेल्या माणसाला दिसली असती तर त्यानं एकतर ती रांग उडवली असती नाहीतर सरासरी टाकली असती, आणि त्याचाही दोष नाही, त्याच्यापुढे दुसरा पर्यायच नसतो.

क्षेत्राचं एकूणच अवघड आहे. सोयाबीनमध्ये तूर असते, सहा तास (म्हणजे ओळी) सोयाबीन आणि दोन तास तूर असं काहीतरी, आणि फॉर्ममध्ये लिहिलं जातं सोयाबीन पाच एकर, तूर पाच एकर, म्हणजे पाच एकराच्या शेतात खरिपालाच दहा एकर पीक. बटईचं (वाट्यानं कसायला दिलेलं) शेत मालकाच्या फॉर्ममध्ये पण येतं आणि बटई करणाऱ्याच्या पण. युगांडातल्या सर्व्हेत जीपीएसनं मोजून बघितलं तेव्हा लोक लहान तुकडे आहेत त्याहून मोठे सांगतात आणि मोठे तुकडे लहान सांगतात असं दिसलं होतं, आणि मला ते अजिबात नवल वाटलं नाही, आपल्याकडेही दहा गुंठ्याला "असंल अर्धा एकर" म्हणणारे मी पुष्कळ बघितलेत. पण जीपीएस म्हणजे रामबाण असंही समजू नका, साध्या फोनचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतंच, पाच एकराला ते चालून जातं, दहा गुंठे म्हणजे साधारण ३२ मीटर बाय ३२ मीटर, तिथे चार-पाच मीटरचा फरक म्हणजे आकडा गेलाच. तिथे टेप काढा. कंटाळा येतो हे मान्य आहे, तरी काढा.

मापांचं तर विचारूच नका. कट्टा (पोतं) म्हणजे किती किलो हे गावागावात बदलतं, कापसाची कुणाची मोजणी मणात तर कुणाची क्विंटलमध्ये, मजुरीचे "रोज" बाईचे वेगळे माणसाचे वेगळे, सकाळपासून दुपारपर्यंत निंदण केलं तर तो अर्धा रोज की पूर्ण हे सुद्धा गावावर आहे. युरियाची बॅग २०१८ पासून ४५ किलोची आहे, त्याआधी ५० ची होती, आणि मी त्यानंतर कितीतरी वर्षांनीसुद्धा असा फॉर्म बघितलाय ज्यात मागून कॉम्प्युटर बॅगला ५० नं गुणत होता. चार बॅगा म्हणजे १८० किलो, तिथे २०० लागले, नत्र ८३ किलोच्या जागी ९२ झालं. आणि मग त्यावर पेपर येतो की शेतकरी शिफारशीपेक्षा जास्त नत्र टाकतात. टाकतही असतील, पण त्यातलं किती शेतातलं आणि किती फॉर्ममधलं हे कोण सांगणार? हे एका गावात पहिल्या दिवशी दुकानात जाऊन बॅगेवरचं वजन वाचलं असतं तरी कळलं असतं.

आता विद्यापीठाच्या प्लॉटवरच्या ट्रायलचं बोलतो, कारण तिथले लोक म्हणतात हे सर्व्हेवाल्यांचे प्रॉब्लेम आहेत, आमच्याकडे सगळं मोजूनच होतं. मोजून होतं, पण मोजणारा माणूसच असतो ना. रँडम पाच झाडांना टॅग लावायचा असतो, आणि हात आपोआप चांगल्या झाडाकडे जातो, हे मी स्वतः केलंय, कुणी मुद्दाम करत नाही. सोयाबीन कापून लगेच वजन केलं आणि ओलावा मोजलाच नाही तर १८ टक्के ओलाव्याचं १०० किलो हे १२ टक्क्याला ९३ च किलो भरतं. एका ट्रीटमेंटचा प्लॉट सकाळी दवात कापला आणि दुसऱ्याचा दुपारी, तर तुमच्या खताचा म्हणून जो फरक दिसतोय तो दवाचा पण असू शकतो. वजनकाट्यावर रोज सकाळी एक ओळखीचं एक किलोचं वजन ठेवून बघायचं आणि वहीत लिहायचं, याला दोन मिनिटं लागतात. मी जिथे जिथे काम केलं तिथे हे फक्त एका ठिकाणी होत होतं, तिथला फिल्ड असिस्टंट जुना माणूस होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तो स्वतःहून करायचा.

गुलाबी बोंडअळीचं निरीक्षण घ्या. अळी कोवळ्या बोंडात शिरली की शिरल्याचं छिद्र बुजून जातं, बाहेरून बोंड एकदम छान दिसतं. म्हणून २० हिरवी बोंडं तोडून फोडून बघायची असतात, त्यात दोनात जरी अळी निघाली तरी १० टक्के, म्हणजे फवारणीची वेळ झाली. आता एखाद्या मुलानं चिखल आहे, उशीर झालाय म्हणून बोंडं न फोडताच झाडं बघितली आणि शून्य लिहिलं, तर ते शून्य फॉर्मात अगदी खऱ्या शून्यासारखंच दिसतं. २०१७ ला विदर्भात या बोंडअळीनं काय झालं ते इथल्या प्रत्येक कापूसवाल्याला माहिती आहे. एका शून्यावर सल्ला अवलंबून असतो आणि सल्ल्यावर माणसाचं वर्ष. मी माझ्या टीमला सांगायचो की फोडलेल्या बोंडांचा एकत्र फोटो पाहिजे, गोणीवर मांडून, त्यानंतर त्या टीमच्या शून्यांची संख्या कमी झाली होती.

हे सगळं काही मी नवीन शोधलेलं नाही, आणि मला याचंच जास्त वाईट वाटतं. १९३०-४० च्या काळात बंगालमध्ये तागाच्या क्षेत्राचे सर्व्हे करताना संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी एकाच भागात दोन वेगळ्या टीम पाठवायची पद्धत बसवली, दोघांचे आकडे स्वतंत्र, मग शेजारी ठेवून बघायचे की माणूस बदलला की आकडा किती बदलतो. आणि पीक कापणीवर, म्हणजे शेताचा ठराविक तुकडा कापून, वजन करून उत्पादन काढण्यावर, तर आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे, त्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं की कापणीचा प्लॉट अगदी छोटा घेतला की उत्पादन फुगून येतं, कारण कडेवरचं झाड आत की बाहेर असा प्रश्न आला की मोजणारा ते आत धरतो, आणि प्लॉट जेवढा छोटा तेवढा कडेचा वाटा मोठा. महालनोबिस आणि सुखात्म्यांचा यावर चांगला वाद झाला होता. मला यातलं एवढंच घ्यायचंय की त्या दोघांनीही माणूस शेतात उभा राहून कशी चूक करतो याचा अभ्यास शेतातच केला, आणि चूक मोजायची सोय सर्व्हेच्या आतच ठेवली. सुखात्मे आणि पानसे यांचं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ पासून आपल्या कृषी कॉलेजांमध्ये आहे, त्यातलं अ‍ॅनालिसिस आपण शिकतो आणि हे मागे राहतं.

आजही सोयाबीनची पीक कापणी १० मीटर बाय ५ मीटरच्या प्लॉटवर होते. पन्नास चौरस मीटर. म्हणजे हेक्टरचा आकडा काढायला तिथलं वजन २०० नं गुणायचं. वजनात एक किलोची चूक झाली की हेक्टरी दोन क्विंटल इकडचे तिकडे. प्लॉट कुठे पडणार ते रँडम नंबरनं ठरतं, तेवढी पावलं मोजत जायचं असतं, आणि नेमका तिथे पाणी साचलेला खोलगट भाग आला तर "इथलं नको, जरा पलीकडे घ्या" म्हणणारा कुणीतरी असतोच, कधी गावातला, कधी आपल्यातलाच. खोलगट भागसुद्धा शेतच आहे. नंबर पडला तिथेच दोरी लागली पाहिजे आणि ते बघायला दुसरा माणूस त्याच वेळी तिथे पाहिजे, कारण कापून झाल्यावर दोरी कुठे होती ते कुणालाच सांगता येत नाही.

आता सर्व्हेयर लोकांबद्दल, आणि हे जरा मनापासून ऐका. तुमच्या मीटिंगमध्ये आमचा विषय निघतो तो फक्त "फेक फॉर्म" म्हणून. हो, झाडाखाली बसून फॉर्म भरणारे असतात. ते ओळखायलाही येतात, दीड तासाचा फॉर्म बावीस मिनिटात संपलेला असतो, सहा घरांचं लोकेशन एकाच पारावर असतं, सगळ्या आकड्यांच्या शेवटी शून्य नाहीतर पाच असतो. (शून्य आणि पाच दिसले की लगेच मुलाला पकडू नका, शेतकरी पण "पाच-दहा हजार लागले" असंच बोलतो, बाकीच्या खुणांसोबत जुळलं तरच विचारा.) पण फॉर्ममागे पैसे देणार, पेट्रोल त्यातच, दिवसाला आठ फॉर्मचं टार्गेट, गावं चाळीस किलोमीटरवर, शेतकरी सकाळी सातला शेतात गेलेला आणि संध्याकाळी सातला परत, मग आठ खरे फॉर्म कसे होणार ते तुम्हीच हिशोब करून सांगा. दिवसाचा पगार द्या आणि फॉर्मची संख्या कमी आली तर कमी येऊ द्या. टीममधल्या मुलींना संध्याकाळी उशिरा परगावी थांबवावं लागणार नाही असं वेळापत्रक करा, कारण बायकांशी बोलायला त्याच पाहिजेत. निंदणाचे आणि वेचणीचे रोज घरातल्या पुरुषाला विचारले की तो अंदाज सांगतो, तिला विचारले की ती "नागपंचमीच्या आदल्या दिवशी सुरू केलं, पोळ्यापर्यंत चाललं, आम्ही चौघी होतो" असं सांगते. तिचं उत्तर तपासता येतं.

एक गोष्ट कबूल करायची आहे. माझ्या दुसऱ्या वर्षी पावसात एका प्लॉटमधल्या पाचव्या झाडाचा टॅग वाहून गेला होता. मी बाकी चार झाडांच्या उंचीची सरासरी काढून पाचवा आकडा लिहून टाकला, रिकामा रकाना दिसला तर ओरडा बसेल आणि पैसे कापतील म्हणून. कुणी विचारलं नाही. तो आकडा अजून कुठल्या तरी फाईलमध्ये असेल. मला तेव्हा कुणी एवढंच सांगितलं असतं की रिकामं ठेव, बाजूला "टॅग हरवला" लिही, पैसे कापणार नाही, तर मी तेच केलं असतं. तुमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या तासाला हे वाक्य मोठ्यानं बोला, आणि मग खरंच कुणी रिकामं ठेवलं तर त्याच्यावर चिडू नका.

मग नेमकं काय करा म्हणतोय मी? रोज संध्याकाळी त्या दिवसाचे फॉर्म गावातच वाचा, सुपरवायझरच्या दिवसातला एक तास त्यासाठीच ठेवा, त्याला स्वतःचे फॉर्म भरायला लावू नका. दहातल्या एका घरी आठवड्याच्या आत दुसरा माणूस परत जाऊ दे, तो त्या टीमचा नसावा, आणि सगळा फॉर्म परत विचारायचा नाही, न बदलणाऱ्या पाच-सहा गोष्टी विचारायच्या, एकूण शेत किती, विहीर आहे का, कुठलं वाण, पेरणी कधी. वेगळं उत्तर आलं तर आधी प्रश्न तपासा, मग माणूस. रेकॉर्डिंग करायचं असेल तर शेतकऱ्याला विचारून करा, खिशात फोन चालू ठेवून नाही. दुरुस्ती केली तर जुना आकडा खोडू नका, दोन्ही ठेवा, कुणी आणि का बदलला तेही लिहा. एका टीमच्या गावात सगळीकडे तूरच नाही असं दिसलं तर त्या रात्रीच फोन करा, हंगामानंतर नाही. आणि बजेटमध्ये यासाठी वेगळी ओळ टाका. "मॉनिटरिंग" नावाच्या ओळीत साहेबांच्या गाडीचं डिझेल जातं हे आपल्या सगळ्यांना माहिती आहे.

आणि शेवटी जे निघालं ते त्या गावात जाऊन एकदा सांगा. एका प्रोजेक्टमध्ये आम्ही पहिल्या वर्षाचे गावाचे आकडे एका कागदावर काढून पारावर वाचून दाखवले होते. लोकांनी तिथेच तीन चुका काढल्या, त्यातली एक तर अशी की आम्ही ज्या वाणाचं नाव लिहिलं होतं ते वाण त्या वर्षी तालुक्यात मिळतच नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्याच लोकांनी पावत्या जपून ठेवल्या होत्या.

आता मे चालू आहे, तुमचे फॉर्म आणि बजेट याच महिन्यात फायनल होतात हे मला माहीत आहे म्हणून आत्ताच लिहितोय. माझ्याकडे एक वही आहे, मी फिरलो त्या गावांमधला कट्टा किती किलोचा, मण किती, रोज किती तासांचा, तूर किती ओळींनी टाकतात, सगळं गावाच्या नावानिशी लिहिलेलं. ज्यांना पाहिजे त्यांना पानांचे फोटो काढून पाठवतो, पैसे नकोत. फक्त मृगाच्या आधी मागा, म्हणजे ट्रेनिंगमध्ये वापरता येईल, आणि त्यातलं जे आता बदललं असेल ते तुमच्या मुलांकडून त्याच वहीत दुरुस्त करून मला परत पाठवा.

तुमचा,
एक जुना फिल्डवाला, जिल्हा यवतमाळ